वस्तरा, पाते आणि दांडी : कोल्हापूर परिसरातील दाढीच्या साधनांचा सामाजिक व आर्थिक विचार

प्रस्तावना

स्टेनलेस स्टीलचा सेफ्टी रेझर विकत घेणे परवडते काय, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला आहे. तीस-चाळीस रुपयांच्या प्लॅस्टिकच्या साधनाने जे काम होते त्यासाठी काही हजार रुपये का मोजावेत, अशी शंका सुशिक्षित ग्राहकही घेतो. परंतु दाढी ही महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत कधीच निव्वळ खासगी बाब नव्हती. ती कोणी करावयाची, कोणाची करावयाची आणि तिचा मोबदला कसा द्यावयाचा, हे सर्व रूढीने ठरलेले होते. म्हणूनच या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूच्या किमतीचा विचार इतिहासाच्या अंगाने करणे अगत्याचे ठरते.

बलुते आणि वस्तरा

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथात बलुतेदारांची कामे आणि हक्क यांचे तपशीलवार वर्णन आढळते. न्हावी हा त्यांतील एक प्रमुख बलुतेदार. धोपटीत वस्तरा, कात्री, नराणी, आरसा व वाटी घेऊन तो घरोघर जाई आणि सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने वर्षाचे बलुते घेई. प्रत्येक दाढीला स्वतंत्र दाम नव्हता. त्यामुळे 'एक दाढी केवढ्याला पडते' हा आज सहज सुचणारा हिशेब त्या व्यवस्थेत संभवतच नव्हता. वस्तरा हे भांडवल न्हाव्याचे, त्याला धार लावण्याचे कसब न्हाव्याचे आणि कातडी कापली तर बोलणी खाण्याची जबाबदारीही त्याचीच.

कोल्हापूरच्या इतिहासात या समाजाचे स्थान मोठे आहे. 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवरायांचे रूप घेऊन मृत्यूला सामोरे गेलेले शिवा काशीद हे नाभिक समाजातील होते, आणि पन्हाळ्याच्या पायथ्याशी नेबापूर येथे त्यांचे स्मारक आहे. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. हत्यार ज्याच्या हाती आहे तो ते खालीही ठेवू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले.

मात्र याच हत्याराची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. अस्पृश्य मानलेल्यांच्या डोक्याला गावचा न्हावी हात लावीत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते आणि कुटुंबाला पैसे देण्याची ऐपतही होती, तरीही भावंडांचे केस थोरली बहीणच कापीत असे. पैसा असून सेवा न मिळणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. छत्रपती शाहू महाराजांनी 1919 मध्ये करवीर संस्थानातील शाळा, दवाखाने व सार्वजनिक जागा यांतील अस्पृश्यतेला आदेशाने बंदी केली आणि गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः चहा घेऊन तो आदेश आचरणात आणून दाखविला. पुढे नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत एस. नागप्पा यांनी 'दुकान' या शब्दात धोब्याचे दुकान आणि केशकर्तनालय येते काय, असे विचारले. ते येतेच, यात तिळमात्र शंका नाही, अशा आशयाचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिले. साताऱ्याची आठवण असलेल्या माणसाने ते उत्तर द्यावे, यातील अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे.

पात्याचे आगमन

किंग कॅम्प जिलेट यांच्या रेझरची विक्री अमेरिकेत 1903 मध्ये सुरू झाली आणि 1904 मध्ये त्यास पेटंट मिळाले. युक्ती साधी होती. दांडी कायम ठेवावयाची आणि पातळ, दुधारी पाते वापरून टाकून द्यावयाचे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना हे रेझर लाखोंच्या संख्येने पुरविण्यात आले आणि स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय जगभर पसरू लागली. धार लावण्याचे कसब माणसाच्या हातातून कारखान्यात गेले. भारतीय संदर्भात याचा अर्थ आणखी खोल आहे. ज्याला न्हावी नाकारीत होता त्यालाही बाजारातून पाते मिळत होते. पाते विकत घेणाऱ्याची जात विचारीत नाही. अर्थात सेफ्टी रेझरने अस्पृश्यता घालविली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. केस कापण्याचा प्रश्न उरलाच, आणि त्यासाठी 1955 चा अस्पृश्यता गुन्हे कायदा करावा लागला.

आरंभीची पाती कार्बन पोलादाची होती. ती धारदार असत, पण पन्हाळा-गगनबावड्याच्या पावसाळी हवेत ओले राहिलेले पाते लवकरच तांबूस होई. पाते पुसून कोरडे ठेवणे, काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूस घासून आणखी चार दिवस चालविणे, आणि शेवटी पेन्सिलीला टोक काढण्यासाठी किंवा शिवण उसवण्यासाठी ठेवून देणे, ही काटकसर मध्यमवर्गीय घरांत रूढ होती. 1960 च्या दशकाच्या आरंभी विल्किन्सन स्वोर्ड या इंग्लिश कंपनीने स्टेनलेस पाती बाजारात आणली आणि जिलेटलाही तोच मार्ग धरावा लागला. ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्ससारख्या कारखान्यांमुळे पाते हा महाराष्ट्रात तयार होणारा, किराणा दुकानात मिळणारा माल झाला.

पुढे याच पात्याने न्हाव्याच्या हातातही प्रवेश केला. 1986 मध्ये भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम आढळला. त्यानंतरच्या काळात प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते वापरण्याचा आग्रह आरोग्य प्रचारातून धरला गेला. पिढीजात वस्तरा मागे पडला आणि दुधारी पात्याचे दोन तुकडे करून त्यातील अर्धा बसविण्याची खोबण असलेला वस्तरा आला.

दांडीचे अर्थकारण

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ग्राहकाचा एक गोंधळ प्रथम दूर केला पाहिजे. पात्याचे पोलाद आणि दांडीचे पोलाद एक नव्हे. पाते धार धरण्यासाठी कठीण केलेल्या, सुमारे तेरा टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाचे असते. चांगली दांडी 304 किंवा 316 प्रतीच्या पोलादाची असते आणि त्यातील क्रोमियम व निकेलमुळे ती गंजाला दाद देत नाही. दाढी गुळगुळीत होणे हे पात्यावर, त्याच्या कोनावर आणि हाताच्या सवयीवर अवलंबून असते. दांडी पोलादाची आहे म्हणून दाढी अधिक चांगली होते, असा दावा टिकणारा नाही. जुन्या पितळी दांड्या निकेलच्या मुलाम्यावर दोन पिढ्या चालल्याचे अनेक घरांत दिसते. स्वस्त दांड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. त्यांचा मुलामा उडाला की आतील धातू झिजू लागतो आणि बहुधा आट्यांपाशीच त्या तुटतात.

समजा, तीन हजार रुपयांची दांडी वीस वर्षे टिकली, तर वर्षाला दीडशे रुपये पडतात. पात्यांचा खर्च निराळा, पण तो अल्प असतो. याउलट बहुपात्यांच्या कार्ट्रिजमध्ये दांडी स्वस्त आणि बदलते डोके महाग असते, शिवाय ते एकाच कंपनीकडून घ्यावे लागते. 2010 मध्ये जिलेटने भारतात 'गार्ड' हा रेझर पंधरा रुपयांस व त्याचे पाते पाच रुपयांस आणले. ही किंमत भारतीय ग्राहकाची काटकसर ओळखूनच ठरविलेली होती. त्यामुळे केवळ बचतीच्या आधारे पोलादी दांडीचे समर्थन करावयाचे तर तुलना महागड्या कार्ट्रिजशीच करावी लागते. पितळी किंवा बऱ्या मुलाम्याच्या दांडीपुढे तो हिशेब लंगडा पडतो. रोज दाढी करणाऱ्या, प्लॅस्टिकचा कचरा टाळू पाहणाऱ्या आणि एकदाच खर्च करण्याची ऐपत असलेल्या नोकरदारास ती खरेदी योग्य आहे, इतरांस नाही.

या हिशेबात नाभिकाची गणना सहसा होत नाही. बलुते गेल्यावर शहराकडे आलेल्या नाभिकाने कोल्हापुरात दुकान थाटले, खुर्च्या मांडल्या, गिऱ्हाइकाच्या हाती वर्तमानपत्र दिले आणि प्रथमच प्रत्येक दाढीचा रोख दाम घेतला. घरात आलेली प्रत्येक टिकाऊ दांडी त्या उत्पन्नातून काही वजा करते. मार्च 2020 च्या टाळेबंदीत ही दुकाने बंद झाली. 28 जून 2020 पासून महाराष्ट्र शासनाने ती उघडण्यास अनुमती दिली तेव्हा केस कापण्यास मुभा होती, दाढी करण्यास मात्र नव्हती. टाळेबंदीनंतर उघडलेल्या त्या दुकानांचा गल्ला काही काळ एकट्या कात्रीवरच चालला.