पायाखालचा वायू कोणाचा? ब्रिटनच्या शेलचा मागोवा

2 नोव्हेंबर 2019 रोजी ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधील फ्रॅकिंगला, म्हणजे दाबाखालच्या द्रवाने शेल खडक फोडून वायू काढण्याच्या तंत्राला, स्थगिती दिली. कारण सांगितले गेले ते लँकशायर परगण्यात बसलेल्या भूकंपाच्या धक्क्यांचे. कारण खरेच होते, पण अपुरे होते. लोकांचे मत त्या धक्क्यांच्या कितीतरी आधी फिरले होते. ज्या तंत्राच्या बळावर अमेरिका 2017 पर्यंत नैसर्गिक वायूची निव्वळ निर्यातदार झाली, तेच तंत्र, तसाच खडक पायाखाली असताना, ब्रिटनमध्ये का रुजले नाही? भूगर्भशास्त्र या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देते. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी आपल्याला साडेचारशे वर्षे मागे, तांब्याच्या एका खाणीपर्यंत जावे लागते.

ही खाण कंबरलँडमधल्या केसिक गावाजवळची. जमीन नॉर्थंबरलंडच्या अर्लची होती आणि खनिज काढत होते राणी एलिझाबेथच्या परवान्यावर आलेले जर्मन खाणकामगार. अर्लने हरकत घेतली. 1568 मध्ये न्यायाधीशांनी कौल दिला तो असा : सोने आणि चांदी कोणाच्याही जमिनीत सापडो, ती राजसत्तेची, आणि तांब्यात सोन्याचांदीचा अंश असेल, तर ते तांबेही तिचेच. बाकीची खनिजे मात्र जमीनमालकाकडे राहिली. पुढची साडेतीनशे वर्षे इंग्लंडातले जमीनदार आपल्या शेताखालच्या कोळशावर टनामागे रॉयल्टी घेत गेले, कित्येक घराणी त्यावरच पोसली गेली. खनिज तेल निघाले तेव्हा ते कोणत्या रांगेत बसवायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत सरकारने डर्बीशायरमधील हार्डस्टॉफ्ट येथे विहीर खोदवली. 27 मे 1919 रोजी तिला तेल लागले आणि लागलीच तंटाही लागला, कारण जमीन डेव्हनशायरच्या ड्यूकची होती. अखेर विहीर ड्यूककडेच गेली. ही अडचण पुन्हा नको म्हणून 1934 मध्ये संसदेने कायदा केला आणि देशाच्या भूमीखालचे सारे खनिज तेल व नैसर्गिक वायू राजसत्तेच्या मालकीचे ठरवले. त्या वेळी याचे कोणाला फारसे काही वाटले नाही. ज्या वस्तूचे थेंबही धड निघत नव्हते, तिच्या मालकीसाठी भांडणार कोण? माझ्या मते ब्रिटनमधील शेल वायूचे भवितव्य ठरले ते याच वर्षी.

आता आपण अटलांटिक ओलांडू. न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रिडोनिया गावात ओढ्याच्या पाण्यातून बुडबुडे येत आणि ते पेट घेत. 1820 च्या दशकात विल्यम हार्ट नावाच्या बंदूक घडवणाऱ्या कारागिराने तेथे सुमारे 27 फूट विहीर खणली आणि निघालेल्या वायूवर गावातली दुकाने उजळली. तो वायू शेलमधलाच होता. शेल म्हणजे प्राचीन समुद्रतळाचा चिखल दबून झालेला खडक. त्यात वायू भरपूर असतो, पण त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म की वायू आपण होऊन वाहत नाही. खडक फोडावा लागतो. ही फोडण्याची कल्पना रणांगणावरची. एडवर्ड रॉबर्ट्स या अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकाने फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत तोफगोळे कालव्याच्या पाण्यात फुटताना पाहिले. पाण्याने कोंडलेला स्फोट खाली आणि बाजूला किती जोर लावतो, हे त्याच्या ध्यानात राहिले. 1865 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल येथील तेलविहिरीत त्याने स्फोटकांचा ‘टॉर्पिडो’ सोडला आणि पेटंट घेतले. त्याची फी इतकी भरमसाट होती, की रात्रीच्या अंधारात चोरून नायट्रोग्लिसरीनचे सुरुंग उडवणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला. 1947 मध्ये कॅन्ससच्या ह्यूगोटन वायुक्षेत्रात स्फोटकांऐवजी दाबाखालचा द्रव वापरून पाहिला गेला. नापामने घट्ट केलेले पेट्रोल विहिरीत दाबले. उत्पादन काही वाढले नाही, तरीही कल्पना तगली. दोन वर्षांत, 17 मार्च 1949 रोजी, हॅलिबर्टन कंपनीने ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये तिचा व्यावसायिक वापर सुरू केला. मराठी वाचकाला हे तत्त्व अगदीच परके नाही. महाराष्ट्राची भूजल यंत्रणा आटलेल्या विंधन विहिरींसाठी करते ते जलभंजन म्हणजे याच तत्त्वाचा पाण्यासाठी, फार कमी खोलीवर केलेला उपयोग. शेलला मात्र चिकाटीचा माणूस हवा होता. टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांनी 1981 मध्ये पहिली विहीर घेतली आणि पुढची सतरा वर्षे पैसा ओतला. 1998 मध्ये त्यांच्या एका तरुण अभियंत्याने महागड्या जेलऐवजी भरपूर पाणी, थोडी वाळू आणि घर्षण कमी करणारी किरकोळ रसायने वापरली, आणि गणित जमले. पाण्याने भेग पडते, वाळू ती मिटू देत नाही. खडकाच्या थरातून आडवी जाणारी विहीर या युक्तीला जोडली गेली आणि अमेरिकेचा नकाशा बदलला. यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अमेरिकेत जमिनीखालचे खनिज बहुधा जमीनमालकाच्या नावावर असते. गावातला शेतकरी करारावर सही करतो आणि त्याच्या घरी चेक येऊ लागतो. धूळ, ट्रक आणि बिघडलेले पाणी यांच्याविरुद्ध तिथेही लोक उठले, पण तिथे गावातच दोन बाजू होत्या.

ब्रिटनला पूर्वसूरी नव्हते असे नाही. होते आणि ते विसरले गेले. 1850 मध्ये जेम्स यंग या ग्लासगोच्या रसायनतज्ज्ञाने कोळशातून पॅराफिन तेल काढण्याचे पेटंट घेतले. पुढे स्कॉटलंडच्या वेस्ट लोदियनमध्ये तेलयुक्त शेल भट्टीत तापवण्याचा उद्योग उभा राहिला आणि तो 1962 पर्यंत चालला. त्याच्या राखेचे तांबूस डोंगर आजही तिथे उभे आहेत. 1875 मध्ये ससेक्समधील नेदरफिल्ड येथे निव्वळ भूगर्भाचा अभ्यास म्हणून खोदलेल्या विवरात शेलमधला वायू आढळला, तो नोंदवून लोक पुढे गेले. 1980 च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील रिचर्ड सेली यांनी ब्रिटनच्या शेल वायूचा अंदाज बांधणारा लेख लिहिला. मायदेशातील नियतकालिकांनी तो परत पाठवला. 1987 मध्ये तो अमेरिकेत छापून आला. उत्तर समुद्र हवे तितके तेल आणि वायू देत असताना शेताखालचा खडक कोण बघणार? आणि 1993 मध्ये लँकशायरमधल्याच एल्सविक गावी वाळूच्या खडकातली एक वायुविहीर फ्रॅकिंग करून चालू केली गेली, तेव्हा एकही फलक उभा राहिला नाही.

फलक उभे राहायला आणखी अठरा वर्षे लागली. 2008 च्या परवाना फेरीत क्वाड्रिला कंपनीला लँकशायरच्या बोलँड शेलचा परवाना मिळाला. ब्लॅकपूलजवळच्या प्रीस हॉल येथे काम सुरू होताच, 1 एप्रिल 2011 रोजी, 2.3 तीव्रतेचा धक्का बसला. मे महिन्यात दुसरा. काम थांबले. डिसेंबर 2012 मध्ये परवानगी पुन्हा मिळाली ती एका अटीवर : धक्का 0.5 तीव्रतेचा झाला की काम थांबवायचे. इतक्या हलक्या धक्क्याचा माणसाला कंपही जाणवत नाही. जून 2013 मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने जाहीर केले, की बोलँड शेलमध्ये सुमारे 1300 ट्रिलियन घनफूट वायू असावा. देशाचा वार्षिक खप सुमारे 3 ट्रिलियन घनफूट. खडकात असलेला वायू आणि बाहेर काढता येणारा वायू यांतले अंतर शास्त्रज्ञांनी बजावून सांगितले होते, पण मथळ्यांना तेवढा दम कुठला!

याच सुमारास 1934 चे भूत जागे झाले होते. सरे परगण्यातील ऑक्स्टेड येथे मोहम्मद अल-फायेद यांच्या इस्टेटीखालून तिरप्या तेलविहिरी गेल्या होत्या. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तेल राजसत्तेचे असले तरी मालकाच्या परवानगीविना त्याच्या जमिनीखाली पाइप नेणे हे अतिक्रमणच होय. खालच्या न्यायालयाने सहा लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली होती. वरपर्यंत जाता जाता ती 1000 पौंडांवर आली. शेलच्या आडव्या विहिरी तर शेकडो घरांखालून जाणार. सरकारने 300 मीटरखालची जमीन वापरण्याचा हक्क कायद्यानेच द्यायचे ठरवून जनतेचे मत मागवले. चाळीस हजारांहून अधिक उत्तरे आली, त्यांतली 99 टक्के विरोधात होती. 2015 मध्ये कायदा झालाच. मत विचारायचे आणि मग असे वागायचे, याचा परिणाम काय होतो हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

तरीही सर्वेक्षणे होती. सरकारच्याच ऊर्जा खात्याच्या पाहणीत 2013 च्या अखेरीस फ्रॅकिंगला पाठिंबा देणारे विरोधकांपेक्षा थोडे अधिक, साधारण पाव जनता इतके होते. मार्च 2019 मध्ये पाठिंबा 12 टक्क्यांवर आला आणि विरोध 40 वर गेला. उरलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांचे ‘हो’ही नव्हते आणि ‘नाही’ही. मधल्या काळात 2013 च्या उन्हाळ्यात ससेक्सच्या बाल्कम गावात खासदार कॅरोलिन लुकास यांना आंदोलनात अटक झाली होती. लँकशायरमध्ये पिवळे रुमाल डोक्याला बांधून आज्या रस्त्यावर बसू लागल्या होत्या. जून 2015 मध्ये लँकशायरच्या परगणा परिषदेने क्वाड्रिलाचा प्रेस्टन न्यू रोड येथील फ्रॅकिंगचा प्रस्ताव फेटाळला आणि ऑक्टोबर 2016 मध्ये मंत्री साजिद जाविद यांनी लंडनहून तो निर्णय फिरवला. कंपनीने भरपाई म्हणून एक लाख पौंडांचा निधी दिला. तो वाटला गेला तेव्हा अगदी जवळच्या 29 घरांना प्रत्येकी 2070 पौंड मिळाले, त्यापलीकडच्या 259 घरांना 150 पौंड. टेक्सासचा चेक आणि हे दीडशे पौंड शेजारी ठेवून पाहावेत.

नंतरचा प्रवास भराभर उरकला. ऑक्टोबर 2018 मध्ये प्रेस्टन न्यू रोड येथे फ्रॅकिंग सुरू झाले आणि 0.5 ची मर्यादा वारंवार ओलांडली गेली. 26 ऑगस्ट 2019 रोजी 2.9 चा धक्का बसला. त्याच महिन्यात नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी बोलँडमधील वायूचा अंदाज सुमारे 140 ट्रिलियन घनफुटांवर आणला, म्हणजे आधीच्या जेमतेम दशांश. स्थगिती आली. सप्टेंबर 2022 मध्ये युक्रेन युद्धाच्या झळांत पंतप्रधान लिझ ट्रस यांनी ती उठवली. 19 ऑक्टोबरला याच विषयावरील मतदानात त्यांच्याच पक्षात गोंधळ माजला, दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि आठवड्याभरात नवे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी स्थगिती पूर्ववत केली.

मात्र शेलचा वायू ब्रिटनमध्ये आलाच नाही असे समजू नये. सप्टेंबर 2016 मध्ये स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथ बंदरात, जेम्स यंग यांच्या राखेच्या डोंगरांपासून काही मैलांवर, अमेरिकी शेलमधून काढलेला इथेन घेऊन पहिले जहाज लागले. स्कॉटलंडमध्ये तेव्हा फ्रॅकिंगला स्थगिती होती. मार्च 2018 मध्ये याच शेलच्या लाटेवर निर्यातीला निघालेला अमेरिकी द्रवरूप वायू ‘गेल’च्या करारानुसार आपल्या दाभोळलाही उतरला. बोलँडचा वायू मात्र आहे तिथेच आहे. 1934 चा कायदा 1998 च्या पेट्रोलियम कायद्यात सामावला गेला असून, त्या वायूची मालकी अजूनही राजसत्तेकडेच आहे.