जांभूळचें पाणी आणि उल्हासनगरचा बाजार

बाजारपेठेचा इतिहास सांगतांना दुकानदारांच्या कर्तबगारीचें वर्णन बहुधा होतें. परंतु गिऱ्हाईक कोणत्या वाटेनें आलें व कोणाच्या पाण्यावर वस्तीस राहिलें, याचा विचार क्वचितच होतो. आपल्या जांभूळ परिसराच्या दृष्टीनें तो करणें अगत्याचें आहे.

पूर्वी या टापूचा व्यापार कल्याण बंदराच्या आश्रयानें चाले. सन 1854 मध्यें आगगाडी कल्याणास पोंचली, पुढें अंबरनाथ-बदलापुरावरून घांटाकडे गेली, आणि बंदराऐवजीं स्टेशन हें व्यापाराचें द्वार झालें.

दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. सन 1947 च्या फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांस आसरा मिळाला. ता. 8 ऑगस्ट 1949 रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें उल्हासनगरची कोनशिला बसली. नांव नदीवरून पडलें. छावणीचे पांच 'कॅम्प' मात्र लोकांच्या तोंडीं आजही कायम आहेत. ज्यांचीं दुकानें सिंधमध्यें राहिलीं, त्यांतील कित्येकांनीं घरच्या स्त्रियांनीं लाटलेले पापड व मिठाई गाडींत विकून पुनश्च आरंभ केला. पुढें जपानी बाजारांत कापड, अन्यत्र फर्निचर व जीन्स यांचा व्यापार इतका वाढला कीं, दूरदूरचे व्यापारी येथें माल भरूं लागले.

एवढ्या वस्तीस पाणी कोठून आलें? पुढें बारवी धरण झालें. त्याचें पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रांत शुद्ध होऊन उल्हासनगर व इतर शहरांकडे जाऊं लागलें. त्या धरणापायीं कित्येक शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या, हें विसरतां येत नाहीं. उलटपक्षीं, जीन्स धुण्याच्या कारखान्यांनीं वालधुनी नदीचें पात्र मलिन केलें. म्हणून चालू शतकाच्या दुसऱ्या दशकांत त्यांतील अनेक बंद पडले व मजुरांची रोजी बुडाली. पाण्यानें उभा केलेला धंदा पाण्याची अवहेलना करूं लागतांच बुडाला!

दुकानाच्या गल्ल्यांत जमणारा पैसा दुकानदाराच्या श्रमाचा खरा. परंतु त्यांत नदीचा व बुडालेल्या शेताचाही वांटा असतो. हें ऋण वहींत मांडलेलें नसतें, तरी तें फेडावेंच लागतें. आपल्या गांवच्या इतिहासाचा हाच बोध होय.