तळटीप १४ : बिनघोड्याची दुनळी

लेखकाने पालमच्या वाड्यात पाहिलेली ‘बिनघोड्याची’ दुनळी बहुधा अ‍ॅन्सन-डीली रचनेची बारा बोअर असावी. ही रचना १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यात निघाली. नळ्या मोडून खाली केल्या की आतले घोडे आपोआप चढतात. पालम तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि सहावा निजाम महबूब अली खान स्वतःच पट्टीचा शिकारी! आजचे शौकीन मूळ पेटीसकट टिकलेल्या जोडबंदुकीसाठी झुरतात. नळीवर नागमोडी नक्षी दिसली तर ती दमास्कस. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली. देखणी खरी, पण आधुनिक काडतूस तिच्यात घालण्याचा मोह टाळावा. शिवाय शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. आजोबांकडून आलेली तिसरीही त्याला जमा करावी लागते. — संपा.