प्राणिसंग्रहालयातील निवासरचना

प्राणिसंग्रहालयातील निवासरचना म्हणजे बंदिवासातील वन्य प्राण्यांसाठी त्यांच्या शारीरिक व वर्तनविषयक गरजांनुसार राहण्याची जागा आखणे होय. प्राणी, त्याचा रखवालदार व प्रेक्षक अशा तिघांची सोय येथे पाहावी लागते. त्यांपैकी प्राण्याला तक्रार करता येत नाही, याचा आखणी करणाऱ्यांना अनेकदा विसर पडलेला दिसतो.

इतिहास

एकोणिसाव्या शतकातील संग्रहालयांत लोखंडी गजांचे पिंजरे ओळीने मांडलेले असत. हॅम्बुर्ग येथील प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक यांनी १९०७ साली श्टेलिंगेन येथे उघडलेल्या उद्यानात गजांऐवजी खंदक योजले. कोणता प्राणी किती लांब व किती उंच उडी घेतो, हे आधी पाहून त्यांनी खंदकांची मापे ठरवली. प्राणी मोकळे असल्याचा भास त्यातून निर्माण झाला. तो भास मुख्यतः प्रेक्षकांसाठी होता.

लंडन प्राणिसंग्रहालयातील १९३४ चा पेंग्विन तलाव हे याहून बोलके उदाहरण आहे. बर्थोल्ड लुबेटकिन व त्यांच्या टेक्टन या संस्थेने रचलेले काँक्रीटचे वळणदार उतार स्थापत्याचा उत्कृष्ट नमुना मानले जातात व ती वास्तू संरक्षित आहे. पेंग्विनांना मात्र २००४ मध्ये तेथून हलवावे लागले. कठीण पृष्ठभागावर सतत चालल्याने पायांना होणारे विकार हे त्याचे एक कारण सांगितले जाते. वास्तू सुंदर असली म्हणून ती निवास म्हणून योग्य ठरतेच असे नाही.

तत्त्वे

स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर (१९०८–१९९२) यांनी जागेच्या आकारापेक्षा तिच्या गुणवत्तेला महत्त्व दिले. प्रत्येक प्राण्याला परक्यापासून ठरावीक अंतर राखावेसे वाटते. ते अंतर मोडले, की तो पळ काढतो. पळायला वाट नसेल, तर तो भेदरतो किंवा उलटून हल्ला करतो. म्हणून आडोसा, उंच बैठक व नजरेआड होण्याची सोय ही चैन नसून गरज ठरते. प्राणी दिसत नाही म्हणून काचेवर थापा मारणाऱ्या प्रेक्षकाला हे पटवणे अवघड जाते! एकाच मार्गावर तासन्‌तास घातलेल्या येरझाऱ्या हे निवास अपुरा असल्याचे ठळक लक्षण समजले जाते.

जमीन शक्यतो मातीची, गवताची किंवा वाळूची असावी. हत्तीसारख्या जड प्राण्यांच्या पायांना काँक्रीट बाधते. खाद्य एकाच भांड्यात न देता ते शोधावे लागेल असे विखरून ठेवतात. हिंस्र प्राण्यांच्या निवासाला दुहेरी दारे असतात, म्हणजे एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडत नाही. मोकळ्या आवाराला जोडून रात्रनिवास असतो. साफसफाई व उपचारांच्या वेळी प्राण्याला तेथे वेगळे ठेवता येते.

हवामानाचा विचार प्रजातीनुसार करावा लागतो. मुंबईत भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात हंबोल्ट पेंग्विन वातानुकूलित कक्षात ठेवलेले आहेत. पेंग्विन म्हणजे बर्फ हा समज या प्रजातीला लागू पडत नाही. ती पेरू व चिलीच्या किनाऱ्यावर राहते. पण तेथील सागरप्रवाह थंड असल्याने मुंबईचा उकाडा तिला मानवणारा नाही.

भारतातील नियमन

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. पिंजऱ्यांचे किमान आकार व निवासाचे निकष हे प्राधिकरण ठरवते. २००९ मध्ये त्याने हत्तींना संग्रहालयांतून हलवून अधिक मोकळ्या जागी नेण्याचे आदेश दिले.