‘घरी विचारून सांगते’

भूम-परांड्याकडं गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी करू या,’ असं नर्सबाईंनी म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘घरी विचारून सांगते.’ या उत्तराला गुण किती द्यायचे?

ऑक्टोबर 1999 मध्ये याच भागात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी सुरू केली. गावांचे 52 गट, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. एका भागात प्रशिक्षित नर्सबाई गर्भाशयाच्या मुखावर पातळ अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहत. त्यांची नजर आकड्यांत मोजली गेली: या पद्धतीनं 14 टक्के बायका संशयित ठरल्या, तर दुसऱ्या भागातल्या पेशी-तपासणीनं 7 टक्के. तिसऱ्या, विषाणू-तपासणीच्या भागात या कर्करोगानं मृत्यू 34 झाले आणि तपासणी न झालेल्या चौथ्या भागात 64, हा 2009 चा निष्कर्ष जगभर गाजला. तपासणी न झालेल्या त्या 31,488 बायकांना पुरेसं सांगितलं होतं का, यावर पुढे आक्षेपही आले. ते रास्तच होते, असं मला वाटतं.

नर्सची नजर मोजली. तिचं विचारणं, ऐकणं कसं मोजायचं? या मापाचं मूळ गाव दूर आहे. 1982 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगानं रुग्णासोबत मिळून निर्णय घेण्याचा आग्रह धरला. 1997 मध्ये कॅनडात कॅथी चार्ल्स आणि सहकाऱ्यांनी त्याची व्याख्या केली: निर्णयात किमान दोघं हवेत, डॉक्टर आणि रुग्ण. नर्स त्यात मागाहून आली. मग 2003 मध्ये वेल्समध्ये ग्लिन एल्विन यांनी पट्टी बनवली, ‘ऑप्शन’. संभाषण ध्वनिमुद्रित करायचं, तिऱ्हाइतानं ऐकायचं, 12 बाबींना शून्य ते चार गुण द्यायचे. 2010 मध्ये जर्मनीतून आलेली नऊ प्रश्नांची प्रश्नावली मात्र रुग्णालाच विचारते. ती मला जास्त पटते. ज्याचं दुखणं, त्याचा शेरा.

यांत सासूला, मालकाला जागा कुठं? ‘किमान दोघं’ म्हटल्यावर तिसऱ्याला दार बंद नाही, पण त्याच्या नावाचा रकानाही नाही. एक फट मात्र आहे. ‘ऑप्शन’ची अकरावी बाब विचारते, निर्णय आत्ता घ्यायचा की पुढं ढकलायचा, हे बोलणं झालं का? बारावी विचारते, त्या निर्णयाकडं पुन्हा पाहायचं ठरलं का? म्हणजे बाई ‘घरी विचारून सांगते’ म्हणाली आणि नर्सबाई ‘बरं, गुरुवारी येते, सासूबाईंनाही बसवा’ म्हणाल्या, तर दोन्ही रकान्यांत गुण पडतात.