गोष्ट जिंकणाऱ्या पोरांची, आणि न दिसणाऱ्या पोरांची

९ नोव्हेंबर १९१२. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचं मैदान. एका बाजूला उद्याचे लष्करी अधिकारी. दुसऱ्या बाजूला पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलची पोरं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातींची. वूंडेड नीचं हत्याकांड होऊन २२ वर्षंही पुरती झाली नव्हती. ज्या सैन्याशी यांच्या वाडवडिलांच्या लढाया झाल्या, त्याच्याच अंगणात ही पोरं खेळायला उतरली होती.

खेळ फुटबॉलच, पण आपला नव्हे. लांबट चेंडू काखेत धरून पळायचा, अंगावर येणाऱ्याला चुकवायचं, नाहीतर आडवं व्हायचं. कार्लाइलची पोरं अंगापिंडाने लहान, म्हणून त्यांचा भर वेगावर आणि हुलकावणीवर.

निकाल? २७-६. कार्लाइल जिंकलं!

कर्णधार होता जिम थॉर्प. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकून आलेला. हरलेल्या संघात एक आयझेनहॉवर नावाचा पोरगा होता, तोच पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्या हंगामात कार्लाइलने १४ सामन्यांपैकी १२ जिंकले, एक बरोबरीत सुटला, एकच हरले.

इथपर्यंत वाचून छाती फुगते. माझीही फुगली होती. मग मी शाळेबद्दल वाचलं.

१८७९ साली एका लष्करी अधिकाऱ्याने जुन्या बराकीत ही शाळा काढली. पोरं आली की आधी केस कापायचे, मग नाव बदलायचं. आईची भाषा बोललं तर शिक्षा. पोरांमधला 'इंडियन' पुसून टाकायचा, हाच उघड हेतू. शाळेच्या आवारात दफनभूमी आहे. घरी परत न गेलेल्या दीडशेहून जास्त पोरांना तिथे पुरलं होतं.

संघ मात्र गावोगावी गाजत होता, तिकिटांचा पैसा येत होता. शेवटी विद्यार्थ्यांनीच तक्रारीचा अर्ज केला आणि १९१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली. त्यात खेळाच्या निधीवरही बोट ठेवलं गेलं. १९१८ मध्ये शाळा बंद झाली.

आणि थॉर्प? पूर्वी बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले, एवढ्यावरून १९१३ मध्ये त्याची पदकं काढून घेतली. एकट्याने जिंकल्याचा मान परत मिळायला २०२२ साल उजाडलं. तो तर १९५३ मध्येच गेला होता.

मला त्या पोरांच्या खेळाचा अभिमानच वाटतो. तो विजय त्यांचा होता, शाळेचा नव्हे. म्हणून आता कुठल्याही वसतिगृहातलं पोर पदक घेऊन आलं, फोटो झळकले, की मी टाळ्या वाजवतो आणि एक प्रश्नही विचारतो: फोटोत नसलेली बाकीची पोरं कशी आहेत?

तुम्हीही विचारा.