आधी काच, मग महाल

माझा एक शाळेपासूनचा मित्र आर्किटेक्ट आहे. सध्या तो एका ऑफिस बिल्डिंगसाठी चॅनल ग्लास शोधतोय. चॅनल ग्लास म्हणजे 'यू' आकाराची लांबच लांब काचेची पट्टी. दोन्ही कडा वळवलेल्या असल्यामुळे ती स्वतःच्या पायावर उभी राहते, मधे मधे ॲल्युमिनियमच्या चौकटी लागत नाहीत. रात्री आतून दिवे लावले की अख्खी भिंत कंदिलासारखी दिसते. दिसायला भारीच!

तर याने ड्रॉइंगमधे पट्टीची रुंदी ठेवली ३०० मिलिमीटर. कॅटलॉगमधे काय? २३२, २६२, ३३१, ४९८. मधलं काही नाही. कारण ही काच वितळलेल्या अवस्थेत रोलरमधून काढतात आणि कडा तिथेच वळवतात. तुमच्या एका बिल्डिंगसाठी कोणी लाइन थांबवून रोलर बदलत नाही. शेवटी त्याने भिंतीचं गणितच २६२ वर बसवलं आणि वर मला ऐकवलं, "व्हेंडरने डिझाइन ठरवायचं, हे काय आर्किटेक्चर झालं?"

मला हसू आलं. आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. पण त्याहून मोठी गंमत अशी की जगातली सगळ्यात गाजलेली काचेची इमारत नेमकी याच पद्धतीने उभी राहिली. लंडनचा क्रिस्टल पॅलेस, १८५१.

या इमारतीची एक गोष्ट सगळीकडे सांगतात. जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याने रेल्वेच्या एका मीटिंगमधे कंटाळून टीपकागदावर चित्र खरडलं आणि त्यातून महाल झाला. गोष्ट खरी आहे. तारीख ११ जून १८५०, गाव डर्बी, मीटिंग मिडलंड रेल्वेची. तो टीपकागद लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधे जपून ठेवलाय. पण मला ही गोष्ट अर्धवट वाटते. जीनियस माणूस, नॅपकिनवर स्केच, बास! आपल्याकडच्या स्टार्टअपच्या कथाही अशाच असतात. टीपकागदावरचं चित्र काढायच्या आधी पॅक्स्टनला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: काच कोण देणार आणि केवढी देणार. माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

त्यासाठी जरा मागे जाऊ.

त्या काळी इंग्लंडमधे खिडकीची काच बहुतेक 'क्राउन' पद्धतीने बनायची. फुंकनळीच्या टोकाला काचेचा गोळा फुगवायचा, मग तो गरगर फिरवून त्याची मोठी ताटासारखी चकती करायची. चकती गोल, खिडकी चौकोनी. त्यामुळे तुकडे लहान निघायचे, कडेची काच वाया जायची आणि मधोमध नळी तोडल्याची गाठ राहायची. दुसरी पद्धत युरोपात चालायची. तिच्यात काचेचा लांब नळकांड्यासारखा फुगा करायचा. कारागीर उंचावर उभा राहून खालच्या खड्ड्यात नळी घंटेच्या लोलकासारखी झुलवायचा, म्हणजे स्वतःच्या वजनाने फुगा लांबत जायचा. मग दोन्ही टोकं कापायची, हिऱ्याने उभी चीर द्यायची आणि पुन्हा भट्टीत ठेवायचं. हळूहळू ते नळकांडं गुंडाळलेल्या चटईसारखं उलगडून सपाट होतं. हिशोब करून बघा. दहा इंच व्यासाचं नळकांडं उलगडलं की साधारण एकतीस इंच रुंद काच मिळते. लांबी मात्र कारागिराच्या छातीत आणि दंडात जेवढा दम तेवढी.

बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविक गावात चान्स ब्रदर्स नावाचा कारखाना होता. त्यांनी १८३२ मधे ही पद्धत इंग्लंडात आणली. मदतीला होता जॉर्ज बोंतां हा फ्रेंच काचतज्ज्ञ आणि फ्रान्समधून आणलेले कारागीर. आजच्या भाषेत ऑनसाइट टीम म्हणा ना! पुढे १८४८ च्या क्रांतीनंतर बोंतां फ्रान्स सोडून स्वतःच चान्सकडे नोकरीला आला.

आता पॅक्स्टन. हा ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा हेड माळी. चॅट्सवर्थला त्याने १८३६ ते १८४० या काळात एक प्रचंड काचघर बांधलं. ते बांधताना त्याला कळलं की चान्सवाले तीन फूट लांबीची काच करतात. पॅक्स्टनला हवी होती चार फूट. कारण तावदान जितकं लांब, तितके मधले सांधे कमी आणि गळतीही कमी. त्याने चान्सना सांगितलं, तीन फुटांपर्यंत आलात तर आणखी एक फूट का जमू नये? जमत नसेल तर ऑर्डर नाही. आणि त्यांनी जमवलं! क्लायंटने व्हेंडरला असा रेटा दिल्याची उदाहरणं आपण रोज बघतो, पण बहुतेक वेळा क्लायंटला स्वतःला काय हवंय तेच माहीत नसतं. याला बरोबर एक फूट जास्त हवा होता आणि तो का हवा हेही माहीत होतं.

एक अडचण मात्र दोघांच्याही हातात नव्हती. इंग्लंडमधे अठराव्या शतकाच्या मध्यापासून काचेवर अबकारी कर होता, तोही वजनावर. कारखान्यात सरकारी अधिकारी ठाण मांडून बसलेले, भट्टीत माल घालायचा तरी त्यांना आधी कळवायचं. आपलं लायसन्स-परमिट राज आठवलं ना? हा कर १८४५ मधे पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी रद्द केला आणि काच स्वस्त झाली. खिडक्यांवरचा वेगळा कर तर थेट १८५१ पर्यंत टिकला. म्हणजे दहा वर्षं आधी कोणी क्रिस्टल पॅलेसचं चित्र काढलं असतं तर ते टीपकागदावरच राहिलं असतं.

आता १८५० चा उन्हाळा. हाइड पार्कमधे जगातल्या सगळ्या देशांचं प्रदर्शन भरवायचं ठरलंय, उद्घाटन १ मे १८५१ ला. स्पर्धेत दोनशेहून जास्त डिझाइन आली आणि समितीने सगळी नाकारली. मग समितीने स्वतःच एक डिझाइन केलं: विटांचं अवाढव्य प्रकरण, वर लोखंडी घुमट. समितीत ब्रुनेलसारखा माणूस असून ही अवस्था! कोटभराहून जास्त विटा रचून त्या वेळेत सुकणार कशा, हे कोणी विचारलं नसावं. डिझाइन बाय कमिटी हा रोग जुना आहे.

पॅक्स्टन आला तो या गोंधळात. जुलैच्या शेवटी फॉक्स अँड हेंडरसन या कंपनीचं टेंडर मंजूर झालं, ७९,८०० पौंडांना. अट अशी की प्रदर्शन संपलं की सगळा माल कंपनीचा. म्हणजे इमारत विकत नाही, जवळजवळ भाड्याने! या कंपनीचा कारखाना कुठे? स्मेथविकमधे. काचवाले आणि लोखंडवाले एकाच गावचे. चार्ल्स फॉक्सने सात आठवडे रोज अठरा तास बसून ड्रॉइंग्ज काढली असं सांगतात. पहिला खांब २६ सप्टेंबरला उभा राहिला. हातात उरले जेमतेम सात महिने.

आता इथे खरी मजा आहे. चान्सची काच ४९ इंच लांब, १० इंच रुंद. पॅक्स्टनचं छप्पर पन्हळीसारखं, कडा-खाच-कडा-खाच. उतारावरची एक काच म्हणजे कड्यापासून खाचेपर्यंत साधारण चार फूट. दोन्ही बाजू मिळून आठ फूट. अशा तीन घड्या म्हणजे २४ फूट, आणि खांबांमधलं अंतर तेच, २४ फूट. तुळया २४, ४८, नाहीतर ७२ फुटांच्या. इमारतीची लांबी १८४८ फूट, म्हणजे २४ गुणिले ७७. रुंदी ४०८ फूट, म्हणजे २४ गुणिले १७. साल १८५१ म्हणून लांबीही १८५१ फूट होती असं काही ठिकाणी लिहिलेलं सापडतं. छान वाटतं ऐकायला, पण १८५१ ला २४ ने भाग जात नाही!

म्हणजे एवढा मोठा महाल वरून खाली नाही, तर एका तावदानापासून वर ठरत गेला.

काच किती लागली? सुमारे तीन लाख तावदानं, नऊ लाख चौरस फूट. वजन चौरस फुटाला १६ औंस, म्हणजे एक पौंड. एकूण चारशे टन. जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. आणि हे सगळं माणसांनी तोंडाने फुंकलेलं. माझ्यासारख्याचा जीव इथे अडकतो. एकच व्हेंडर, दुसरा पर्याय नाही, डेडलाइन साक्षात राणीच्या उपस्थितीची. एखादी भट्टी फुटली असती किंवा ते फ्रेंच कारागीर रुसले असते तर? आजची कुठलीही रिस्क शीट याला लाल रंग देईल. पण तसं काही झालं नाही. चान्सनी काच वेळेवर दिली.

बसवायचं कामही तसंच. पॅक्स्टनचं लाकडी पन्हळ तीन कामं करायचं: वरचं पावसाचं पाणी वाहून न्यायचं, आत साचलेल्या वाफेचं पाणी बाजूच्या बारीक खोबणीतून न्यायचं आणि बांधकाम चालू असताना रुळाचं काम करायचं. त्यावर चाकांच्या गाड्या चालायच्या, वर ताडपत्रीचं छत, आत काच बसवणारे आणि हाताखालची पोरं. गाडी मागे सरकत जायची आणि पुढे छप्पर तयार होत जायचं. पन्हळातलं पाणी पोकळ खांबांतून खाली. एका आठवड्यात ८० माणसांनी १८ हजारांहून जास्त तावदानं बसवली. एका पठ्ठ्याने एका दिवसात १०८ बसवल्याची नोंद आहे.

आणि एवढं करून छप्पर गळलंच. गळणारच! तीन लाख तावदानं, प्रत्येकाची लांब कड ४९ इंच. सगळे सांधे एकापुढे एक ठेवले तर सुमारे पावणेचारशे किलोमीटर होतात. म्हणजे मुंबईहून कोल्हापूर, पूर्ण रस्ता नुसती पुट्टी. लाकूड फुगतं, लोखंड उन्हाने लांबतं, काच बिचारी मधे. पण प्रदर्शन साडेपाच महिनेच चालायचं होतं, १५ ऑक्टोबरपर्यंत. साठ लाखांवर तिकिटं गेली. लोक कोहिनूर बघायला रांगा लावून गेले आणि तो काही फारसा चमकत नाही म्हणून हिरमुसले. छपराबद्दल कोणी पैसे परत मागितले नाहीत.

त्या ऑक्टोबरमधे पॅक्स्टन, फॉक्स आणि बांधकामावर देखरेख करणारे विल्यम क्युबिट, तिघेही 'सर' झाले. काचवाल्यांपैकी कोणी नाही. भट्टीपुढे नळी झुलवणाऱ्यांचा तर प्रश्नच नव्हता.

महाल नंतर सुटा करून सिडनहॅमला नेला आणि आणखी मोठा करून १८५४ मधे पुन्हा उघडला. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री तो जळाला. चान्सचा स्मेथविकचा कारखाना १९८१ पर्यंत चालला.

या सगळ्यातला एक धागा मात्र मुंबईपर्यंत येतो. फॉक्स-हेंडरसनकडे क्रिस्टल पॅलेसच्या ड्रॉइंग्जवर काम करणाऱ्यांत रोलंड मेसन ऑर्डिश नावाचा इंजिनिअर होता. पुढे त्याने काळा घोड्याच्या वॉटसन्स हॉटेलचं डिझाइन केलं. लोखंडी सांगाडा इंग्लंडमधे ओतला, सुटे भाग बोटीने आणले आणि १८६७ ते १८६९ मधे इथे जोडले. मधल्या मोठ्या दालनाला काचेचं छत होतं. लुमिएर बंधूंचा सिनेमा ७ जुलै १८९६ ला भारतात पहिल्यांदा दाखवला तो याच इमारतीत. नंतर तिचं नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं, आत भिंती घालून खोल्या पाडल्या, २००५ मधे एक भाग कोसळला आणि २०१९ मधे ती रिकामी केली. जहांगीरला जाल तेव्हा समोरच्या फुटपाथवर थांबून जरा वर बघा, ओतीव लोखंडाचे खांब स्पष्ट दिसतात. मी अजून त्यांच्यामधलं अंतर मोजलेलं नाही. २४ फूट भरलं तर मित्राला फोन करणार आहे.